उभी घडी

आमच्या दारावर काही वर्षं एक पाटी होती. ती मी उल्हासनगरहून रंगवून आणली होती. पेंटरने विचारलं होतं, नाव कुणाचं मोठं घ्यायचं, तुमचं की बायकोचं? मी म्हटलं, दोन्ही सारखी घ्या. त्याने माझं मोठं काढलं, तिचं खाली बारीक, आणि मी पाटी तशीच पिशवीत घालून अंबरनाथला आलो. निवडून ती आली होती. पालिकेतली खुर्ची तिची होती. पण सकाळी दाखल्यासाठी माणसं आली की बाहेरून हाक यायची, "नगरसेवक आहेत का घरात?" आणि मी बनियनवर शर्ट चढवत बाहेर जायचो.

पाटी लावली त्या दिवशी तिने ती अगदी जवळ जाऊन वाचली. तिला लांबचं जवळपास दिसतच नसे. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड होत्या. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "बरं झालं. पोस्टमनला सोपं पडेल की."

हे 'की' तिच्या माहेरचं. ती दक्षिणेकडची, निपाणीजवळच्या गावातली. तिची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वखार सुटल्यावर बायका एकत्र बसत तेव्हा ही शाळकरी मुलगी त्यांना युनियनची पत्रकं वाचून दाखवायची, आणि एखादीला मराठी कळलं नाही तर तेच कानडीत सांगायची. ऐंशीनंतर लवकरच आमचं लग्न झालं आणि ती अंबरनाथला आली. चाळीतल्या बायका तिला 'बेळगाववाली' म्हणू लागल्या. बेळगाव तिच्या गावापासून चांगलंच लांब. तिने कधी दुरुस्त केलं नाही.

मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. घरात राजकारण आलं ते तिच्यामुळे. सुरुवातीला पक्षवाले तिला फक्त सभेपुरते बोलवायचे. स्टेजसमोर बायका बसलेल्या दिसायला हव्यात, तेवढ्यासाठी. ती मात्र तेवढ्यावर थांबली नाही. बुवापाडा वस्तीतल्या घराघरांत ती ओळखीची झाली. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाचा नवरा कंपनीत हात अडकून घरी बसला, तिला माहीत असायचं. माझी तक्रार एवढीच असायची की संध्याकाळचा चहा उशिरा मिळतो.

निवडणुका जवळ आल्या की ती दुपारच्या वेळी बुवापाड्यात एक शिकवणी घ्यायची. मी एकदा तिला छत्री द्यायला गेलो तेव्हा ती पाहिली. जमिनीवर वर्तमानपत्राचे लांबट तुकडे, त्यांवर तिने स्वतः काढलेली चित्रं. हंडा, कंदील, खुर्ची, चूल. बटाटा कापून केलेला शिक्का आणि बशीत कपड्याच्या निळीचं पाणी. बायका रांगेने शिक्का मारत होत्या.

"हंड्यावर मारू काय गं?" एकीने विचारलं.

"मार, मार. निदान कागदावर तरी पाणी येऊ दे," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

शिक्का झाला की ती घडी शिकवायची. यावर तिचा सगळ्यांत जोर. "आधी उभी घडी. आडवी घातली तर ओली शाई खालच्या चित्राला लागते, आणि तुमचं मत बाद होतंय. उभी घातली की डाग पडला तरी तुमच्याच चित्राच्या ओळीत पडतो." मग ती घडीवरून अंगठ्याचं नख वरपासून खालपर्यंत फिरवायची, इस्त्री केल्यासारखं. बायका तिच्यासारखंच नख फिरवायच्या.

कोपऱ्यात बसलेल्या एका तरुण बाईने विचारलं, "पण घरी गेल्यावर नवरा विचारेल, कुणाला दिलंस म्हणून?"

"विचारू दे की. 'तुम्ही सांगितलं तिथंच,' म्हणायचं. आडोशामागं तो येतोय काय बघायला?"

सगळ्या जणी दाराकडे, माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसलो. छत्री देऊन परत आलो. त्या वेळी मला ते सगळं गमतीचं वाटलं होतं.

नव्वदच्या आसपास आमची कंपनी बंद पडली. आधी टाळेबंदी, मग आज उघडेल उद्या उघडेल, मग गेटवरचा वॉचमनही गेला. मी घरी बसलो. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची सवय होती, ती सुटेना. शिवमंदिराच्या बाजूला जाऊन बसायचो आणि दुपारी परत यायचो. तेव्हा पक्षाचे जे आमच्या भागातले पुढारी होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत, त्यांनी मला आनंदनगरच्या एका कंपनीत चिकटवलं. एक फोन केला आणि मला परत स्टोअर मिळालं. त्यांनी उपकार बोलून दाखवला नाही. रस्त्यात भेटले की फक्त विचारायचे, "काय, बरं चाललंय ना तिकडे?" तेवढं पुरायचं. मी मान डोलवायचो आणि त्यानंतर त्यांनी सांगितलेलं कुठलंही काम मला नाही म्हणता येत नसे.

पुढे आमचं गाव कल्याणपासून वेगळं झालं. स्वतःची नगरपालिका होणार, पहिली निवडणूक होणार, आणि काही वॉर्ड बायकांसाठी राखीव. आमचा त्यात निघाला. भाऊ त्याच संध्याकाळी घरी आले. ती आत चहा टाकत होती.

"वॉर्ड लेडीजला सुटला," भाऊ खुर्चीत बसत मला म्हणाले. "तुझी मिसेस उभी करू. तुझं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं, भाऊ."

ती कप घेऊन बाहेर आली. "मला विचारायचं राहिलं की," ती म्हणाली.

भाऊ मोठ्याने हसले. "वहिनी, तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही घरच्याच."

दहाएक वर्षं ती पक्षाचं काम करत होती. तिकीट मात्र मला विचारून मिळालं. तिने कप भाऊंच्या हातात दिला आणि म्हणाली, "उभी राहते. पण बुवापाड्याच्या मोकळ्या जागेवर बायकांसाठी संडास झाले पाहिजेत. आत दिवा आणि दाराला आतून कडी. हे मी बायकांना सांगून मतं मागणार."

"सांगा ना," भाऊ म्हणाले. "सांगायला काय जातंय?"

बुवापाड्यातल्या बायका तेव्हा पहाटे अंधारात रुळांच्या बाजूला जात. उजाडल्यावर सोय नाही. दिवसभर त्या पाणी पिणं टाळायच्या. प्रचारात तिने दुसरं काही सांगितलं नाही. प्रत्येक दारात तेच. संडास, दिवा, आतून कडी. चांगल्या मतांनी निवडून आली. मी रिक्षात बसून गुलाल खेळत पुढे आणि ती बायकांच्या घोळक्यात मागे चालत.

निकालानंतर नगराध्यक्ष निवडायचा होता. निवड नगरसेवकांनीच करायची, चिठ्ठ्यांवर गुप्त मतदानाने. भाऊंनी ज्याला उभं केलं तो बांधकामवाला होता. त्याच सुमारास तिला कळलं की बुवापाड्याच्या त्या जागेवर त्याला दुकानांचे गाळे काढायचे आहेत. विरोधी बाजूच्या उमेदवाराने तिला निरोप पाठवला की निवडून आलो तर जागा बायकांसाठी ठेवतो. तिने मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मी भाऊंच्या माणसाला मत देणार नाही."

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना भाऊंना भेटलो आणि सांगून टाकलं. मला वाटलं ते तिला समजावतील, जागेचं काहीतरी तडजोडीचं बोलतील. भाऊ म्हणाले, "ठीक आहे. आता सहलीला जाऊ या."

सहल म्हणजे काय ते इकडे सगळ्यांना माहीत असतं. मतदानापर्यंत आपले नगरसेवक कुणी फोडू नयेत म्हणून त्यांना गाडीत घालून लांब नेऊन ठेवायचं. आम्हाला कर्जतच्या पुढे एका फार्महाउसवर नेलं. मोठं आवार, आंब्याची झाडं, आणि गेटला कुलूप. किल्ली भाऊंच्या माणसाकडे. पुरुष सदस्य एकटे आले होते. बायकांबरोबर कुणाचा नवरा, कुणाचा दीर, कुणाचा सासरा. आम्हाला सांगितलं होतं, तुम्ही सोबतीला चला. सगळ्यांना कळत होतं की आम्ही पहाऱ्याला आहोत.

त्या दिवसांत काही वाईट वागणूक मिळाली असं नाही. जेवण भरपूर. पुरुष व्हरांड्यात रमी खेळायचे. स्वयंपाक्याला माणसं कमी पडत होती म्हणून पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "वहिनी, जरा हात लावा ना." मग निवडून आलेल्या बायका मागच्या अंगणात बसून मटणासाठी कांदे चिरू लागल्या. मी पत्ते पिसत होतो आणि खिडकीतून मला ती दिसत होती. चष्मा डोक्यावर चढवून, डोळ्यांतलं पाणी मनगटाने पुसत होती. तिच्या बाजूला सगळ्यांत लहान नगरसेविका बसायची. आगरी घरातली, लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. तिच्या सासऱ्यांची जमीन एमआयडीसीत गेली होती आणि ते आता भाऊंच्या मागे असायचे. ती मुलगी घाबरून फार बोलत नसे. माझ्या बायकोशी मात्र बोलायची.

"ताई, मना सांगा, आत गेल्यावर काय करायचा?" एकदा तिने विचारलेलं मी ऐकलं.

"नाव वाचता येतंय नव्हं तुला?"

"सातवी झालीये मी."

"मग झालं की. भिऊ नको. आत कुणी नसतंय. तू आणि कागद."

मतदानाच्या आदल्या दिवशी जेवणानंतर भाऊंनी मला झाडाखाली नेलं. म्हणाले, ज्यांना दिसत नाही किंवा वाचता येत नाही त्यांना आत सोबती न्यायला मिळतो. सोबती चिठ्ठीवर खूण करून देतो. दोघी-तिघींसाठी त्यांनी तसं ठरवलं होतं.

"तुझ्या मिसेसचा चष्मा जाड आहे ना?"

"हो."

"उद्या तो हरवला तर तिला काय दिसणार?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "टेन्शन नको घेऊ. घरचंच काम आहे. तिकडे कंपनीत बरं चाललंय ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली. नेहमीप्रमाणे चष्मा बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर काढून ठेवला. घरीही तसाच ठेवायची. हा चष्मा आम्ही उल्हासनगरला केला होता. सिंधी दुकानदाराने फ्रेम टेबलावर दोनदा आपटून दाखवली होती आणि म्हणाला होता, "भाभी, आप गुम कर सकते हो, तोड़ नहीं सकते." मी तो उचलला आणि पँटच्या खिशात टाकला. हे करायला किती कमी वेळ लागला याचं मला आजही नवल वाटतं.

ती बाहेर आली आणि कट्ट्यावर हात फिरवू लागली. मग सगळे शोधू लागले. मीसुद्धा. मी पलंगाखाली वाकलो, गादी उचलली, पिशव्या उपसल्या. ती आगरी मुलगी बाहेर अंगणात ओणवी होऊन कुंड्यांच्या मागे, नाल्यात हात घालून बघत होती. तिची साडी चिखलाने भरली. माझी बायको मधोमध स्तब्ध उभी होती. आम्ही सगळे तिला नुसते हलणारे रंग दिसत असणार.

"राहू दे," ती म्हणाली. "सापडेल."

गाडीपर्यंत तिला त्या मुलीने हाताला धरून नेलं. मी पुढे झालो होतो, पण तिने हात त्या मुलीकडे केला. रस्ताभर मी खिडकीच्या बाजूला बसलो होतो आणि चष्म्याची काडी मला मांडीला टोचत होती. गाडी थांबवून उतरावं, चष्मा तिच्या हातात द्यावा आणि चालत बदलापूरच्या दिशेने निघून जावं, असं मनात आलं. पण तिथून जायचं कुठे? कंपनीत सोमवारी हजर व्हायचं होतं.

पालिकेच्या सभागृहात सदस्य समोर बसले, आम्ही सोबतवाले मागच्या भिंतीला उभे. एका वयस्क नगरसेविकेला सोबती मिळाला. मग त्या आगरी मुलीचं नाव पुकारलं. तिचे सासरे पुढे झाले, हिला वाचता येत नाही म्हणाले. अधिकाऱ्यांनी तिला समोरचा फलक वाचायला सांगितला. तिने हळू आवाजात सगळा वाचला. "एकट्या जा," अधिकारी म्हणाले. सासरे परत भिंतीला येऊन टेकले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

मग माझ्या बायकोचं नाव आलं. मी पुढे गेलो आणि म्हणालो, "साहेब, हिचा चष्मा हरवलाय. हिला दिसत नाही."

"बाई, तुम्हाला सोबती हवा का?"

"नको."

"चिठ्ठी वाचता येईल?"

"नाकाजवळ धरली की येते," ती म्हणाली. सभागृहात हसू पिकलं. ती टेबलाच्या कडेला हात लावत लावत आडोशामागे गेली. मला तिची फक्त पाठ दिसत होती आणि वर उचललेला कोपर. मी खिशातला हात काढला नाही.

मोजणीत अधिकारी प्रत्येक चिठ्ठी उघडून सगळ्यांना दिसेल अशी धरत होते. बहुतेक चिठ्ठ्या कशाही आडव्यातिडव्या दुमडलेल्या होत्या. एक चिठ्ठी अशी निघाली की तिच्यावर मधोमध वरपासून खालपर्यंत एकच घडी होती. नख फिरवून दाबलेली, धारदार. फुली विरोधी उमेदवारासमोर होती. शाईच्या पेनाने केलेली ती फुली शेजारच्या कोऱ्या भागावर हलकी उमटली होती, पण त्याच ओळीत. चिठ्ठी बाद होण्याचा प्रश्नच नव्हता. भाऊंचा माणूस एका मताने पडला.

सभागृहात ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या आलं. बुवापाड्यातली निळीची बशी मला आठवली.

भाऊंनी आम्हा दोघांना आणि त्या मुलीला, तिच्या सासऱ्यांना त्यांच्या ऑफिसात नेलं. स्टेशनजवळ, पहिल्या मजल्यावर. भर दुपारी शटर अर्धं खाली ओढलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"सोबती ठरवला होता त्यांतल्या आत एकट्या गेलेल्या दोघीच," ते म्हणाले. "दोघींतली एक." मग माझ्याकडे वळले. "तुझ्या घरचं सांग."

तिथे मी एक वाक्य बोललो. गेली कित्येक वर्षं ते माझ्या कानात आहे. मी म्हणालो, "तिला समजावलं होतं, आमच्या घरचं मत आपल्यालाच, भाऊ. मी जबाबदार."

म्हणजे उरली ती मुलगी. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मला हे होणार हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. तोंडातून वाक्य निघताना मला ते ठाऊक होतं.

"मी नाय केला वो," ती रडायला लागली. "आईची आन. तुम्ही सांगितला त्याच्यावरच फुली मारली मी."

"घरी चल," सासरे म्हणाले. "चल, दावतो. बापाकडंच धाडतो तुला." आणि त्यांनी सगळ्यांसमोर तिच्यावर हात उगारला.

"थांबा," माझी बायको म्हणाली. ती खुर्चीतून उठली आणि माझ्या दिशेने हात पुढे केला. "चष्मा द्या."

"कुठला?"

"तुमच्या खिशातला."

मी चष्मा काढला. ती पदराने काचा पुसू लागली, घाई न करता, एक झाली की दुसरी. मग डोळ्यांवर चढवला आणि भाऊंकडे पाहून म्हणाली, "आता तोंडं दिसतात. ते मत माझं. पोरीला हात लावायचा नाही."

भाऊंनी तिच्याकडे न बघता मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही भाऊ. शपथ."

ती माझ्याकडे बघत होती. काचांमुळे तिचे डोळे नेहमीच बारीक दिसत. त्या दिवशी ते कुठे बघत आहेत हे मला अगदी स्पष्ट दिसलं.

घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "वाकताना तुम्ही कधी खिसा धरता? गादीखाली शोधत होता तेव्हा एक हात खिशावर होता. तेवढं अंधुकातही कळतंय की." तिने परत तो विषय काढला नाही. भांडली असती, माहेरी गेली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. तिने रात्रीचा भात लावला.

तिला पक्षातून काढलं. माझ्या शपथेवर भाऊंनी विश्वास ठेवला, की ठेवल्यासारखं दाखवलं, मला कळलं नाही. आनंदनगरची नोकरी टिकली. निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होतो. भाऊ रस्त्यात भेटले की म्हणायचे, "बिचारा. बायकोने पार गळ्याशी आणलं तुझ्या." मी मान खाली घालायचो आणि त्यांना ते बरोबर वाटायचं.

ती मुलगी काही दिवस माहेरी होती. नंतर सासरी परत आली. सभेत ती भाऊंच्या बाजूच्या बाकावर बसायची आणि माझी बायको एकटीच शेवटच्या बाकावर. त्या दोघी सभेच्या आधी जिन्यात थांबून बोलायच्या, हे मला शिपायाने सांगितलं.

संडास व्हायला फार वेळ लागला. नवे नगराध्यक्षही सारखी तारीख पुढे ढकलायचे. शेवटी झाले, तिने मागितले होते त्याच्या निम्मे. उद्घाटनाला तिला बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती गेली, सोबत मीही. ती एका संडासात शिरली, दार ओढलं आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. मी बाहेर उभा. पाण्याचा आवाज नाही, काही नाही. ती बराच वेळ आत होती. बाहेर येऊन म्हणाली, "कडी लागतीय नीट."

फार्महाउसवरच्या त्या सकाळनंतर तिने चष्म्याला काळी दोरी बांधली होती. चष्मा गळ्यात. खिडकीच्या कट्ट्यावर तो परत कधी दिसला नाही. आंघोळीला जाताना ती तो आत घेऊन जाते, झोपताना दोरी मनगटाला गुंडाळते. आमच्याकडे येणाऱ्यांना ती म्हाताऱ्या बाईची सवय वाटते. मी रोज सकाळी उठतो तेव्हा पहिली ती दोरी दिसते.

पुढच्या निवडणुकीला आमचा वॉर्ड खुला झाला. भाऊ घरी आले. या वेळी ती बाहेरच बसली होती, गवार मोडत. "आता तूच उभा राहा," ते मला म्हणाले. "नाव आहे तुझं. लोक तुलाच नगरसेवक समजतात." मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. मी नाही म्हणायला हवं होतं. मला तेव्हाही ते जमलं नाही.

मतदानाच्या दिवशी मी शाळेबाहेर, पक्षाच्या टेबलाजवळ हात जोडून उभा होतो. बुवापाड्यातल्या बायका घोळक्याने आल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि आत गेल्या. त्यांच्या मागून ती आली. एकटीच. रांगेत उभी राहिली, नंबर लागला, आत गेली आणि थोड्या वेळाने बोटावरची शाई वाळवत बाहेर आली.

"झालं?" मी विचारलं. आणि मग, टेबलावरच्या माणसांनी ऐकावं म्हणून की माझ्यासाठी, ते मला सांगता येणार नाही, मी पुढे विचारलं, "कुणाला दिलंस?"

तिने चष्म्याची दोरी मानेवर सारखी केली.

"तुम्ही सांगितलं तिथंच," ती म्हणाली, आणि घराकडे चालू लागली.